विंचूदंशाला आमचं आरोग्य केंद्र: चार तारे

चिरे हलवताना आत्याला लाल विंचू चावला. अंग घामाने चिंब, हातपाय गार. डॉक्टरीणबाईंनी बीपी बघून लगेच प्राझोसिनची गोळी दिली, सलाइनमधून प्रतिविषही सोडलं. गोळीने बीपी उतरतं म्हणून तिला उठूही दिलं नाही. आत्या कुरकुरली, पण नर्स ठाम!

ही गोळी विंचूदंशावर रुजवली ती आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दोन्ही औषधं दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. म्हणून प्रतिविष आहे का, हे आधी विचारा.

एक तारा कापला तो बंद पंख्यासाठी. नातेवाइकांना बसायला बाकडंही नाही.