हॅमस्टर घेताना आधी त्याची शेपटी बघा

मार्चमध्ये लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही मुंबईतल्या एका दुकानातून हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, आणला. शनिवारी आणला, मंगळवारी पहाटे तो गेला. आजारी पिल्लू जाणूनबुजून आमच्या गळ्यात मारलं होतं, हे मला डॉक्टरांसमोर बसल्यावर उमगलं. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून लिहितेय.

आम्ही भर दुपारी गेलो होतो. पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. "इतकं मलूल का?" असं मी विचारलंसुद्धा. दुकानदार म्हणाला, "ताई, हा रात्रीचा प्राणी. दिवसा झोपणारच." गोष्ट खरी आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आडूनच त्याने फसवलं. निरोगी हॅमस्टर दिवसा भुशात शिरून, मुटकुळं करून झोपतो. जागा झाला की डोळे टपोरे, नाक सारखं हलतं. हा उघड्यावर, पाठीला कुबड काढून, अर्धमिटल्या डोळ्यांनी बसला होता. ती झोप नव्हतीच, त्याचं पोट दुखत होतं.

"स्वच्छ करून देतो," म्हणत त्याने पिल्लाची मागची बाजू फडक्याने पुसली आणि कोरा भुसा घातलेल्या खोक्यात ठेवलं. मला त्याचं कौतुक वाटलं! खरं तर जुन्या भुशातला मूठभर सोबत द्यायचा असतो. ओळखीच्या वासाने पिल्लू नव्या जागी कमी बिथरतं. इथे तो जुना भुसा आमच्या नजरेस पडू द्यायचा नव्हता. जुलाबाने ओला झाला असणार.

लोकलने डोंबिवलीला आलो. लेकीने शहाण्यासारखा त्याला हातही लावला नाही, नुसती लांबून बघत बसली. रविवारी रात्री शेपटीपाशी ओलं दिसलं, उग्र वास येत होता. घरात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक औषध होतं, त्यातला थेंब देऊ का, असं मनात आलं होतं. दिलं नाही ते बरं झालं. ते हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं, त्यानेच जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पण डॉक्टर मिळेपर्यंत सोमवारची दुपार उजाडली. जवळचे दोघेही फक्त कुत्री-मांजरं बघतात. आधी डॉक्टर शोधा, मग प्राणी आणा. जुलाबाने शेपटी ओली होणाऱ्या या आजाराला 'वेट टेल' (ओली शेपटी) म्हणतात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना तो जास्त होतो. आईपासून तोडणं, गर्दी, प्रवास यांच्या ताणाने बळावतो आणि दोन-तीन दिवसांत जीव घेतो. "दोन महिन्यांचा आहे" म्हणून विकलेलं आमचं पिल्लू जेमतेम चार आठवड्यांचं निघालं.

दुकानदाराने तोंडी सात दिवसांची गॅरंटी दिली होती. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही आंघोळ घातली असेल." पावती म्हणजे नुसती आकड्यांची चिठ्ठी, दुकानाचं नावही नाही. 2018च्या नियमांनुसार अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र आधी बघायला मागा, मी मागितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी मुद्दाम तिथे गेले. बाकीची पिल्लं चाकावर, जाळीवर धावत होती. एक तसंच कोपऱ्यात. शेजारी एक बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "याची शेपटी दाखवायला सांगा." त्यांनी सांगितलं. दुकानदाराने आधी फडकं उचललं.