क्लेमच्या पैशांतून केलेली गच्ची पुन्हा गळतेय: तोच कंत्राटदार की दुसरा?

वादळात फुटलेल्या गच्चीचे पैसे विमा कंपनीने दिले, काम झालं, तरी गळती सुरूच. ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची पॉलिसी वादळ-पुराचं नुकसान भरते. ढिसाळ काम ही काही आपत्ती नव्हे, त्यामुळे दुसऱ्यांदा क्लेम मागून उपयोग नाही.

त्याच कंत्राटदाराला बोलावणं स्वस्त, पण वरून नुसता ब्रश फिरवू देऊ नका. हातोडीने कोबा ठोका. ढबढब वाजला तिथे तो सुटलाय. पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यातला वाटा, म्हणजे भिंत आणि गच्ची जुळते तिथली सिमेंटची गोलाई, आणि पाणी उतरणाऱ्या पाइपाचं तोंड इथूनच बहुतेक पाणी झिरपतं. तेवढा भाग फोडून नव्याने करायला लावा. मग पाइपाचं तोंड बंद करून ४८ तास किमान २५ मिमी पाणी साठवा. छत कोरडं राहिलं तरच शिल्लक रक्कम द्या. (आधीच सगळी दिली असेल, तर फोनही उचलला जात नाही.)

दुसऱ्याला आणलंत तर खर्च दुप्पट, शिवाय जुनं काम फोडलं की पुरावाही गेला. म्हणून आधी स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल, फोटो आणि पहिल्या कंत्राटदाराला लेखी नोटीस. वसुलीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. पक्कं बिल मात्र हवंच.