वरचा सूर धरायचा तो तिसऱ्यानं की पंचमानं?

मूळ चाल एकानं गायची आणि दुसऱ्यानं ठरावीक अंतर राखून तिच्या वरून चालायचं, हा रियाज सुरू करताना पहिला प्रश्न अंतराचाच येतो. तिसरा धरायचा, म्हणजे सा वर ग, रे वर म. की पंचम धरायचा, सा वर प, रे वर ध? मी दोन्ही केलंय. अख्खा एक पावसाळा पंचमात घालवला आणि मग तिसऱ्याकडे आलो.

पंचमापासून सुरुवात करणं आमच्याकडे साहजिकच आहे. बेळगाव-धारवाड पट्ट्यात भजनाला बसणाऱ्या माणसाचाही कान तानपुऱ्याच्या प-सा वर पोसलेला असतो. षड्ज-पंचम भाव, म्हणजे सा आणि प यांचं जुळणं, कुणी समजावून द्यावा लागत नाही. पंचम जुळला की लगेच कळतं, आणि पेटीवरही तो जवळजवळ खराच असतो, जेमतेम 2 सेंट उतरलेला (काळ्या धरून पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे अर्धस्वर, त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट). नव्या माणसाला एवढा आधार पुष्कळ वाटतो. मलाही वाटला.

खानापूरचा पाऊस कौलांवर लागला की घरात दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून मी बिलावलच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांतली एक साधी चाल मोबाइलवर गाऊन ठेवली आणि एका कानाला हेडफोन लावून वर पंचम धरायला लागलो. पंधरा दिवसांत छान बसलं. मग एका संध्याकाळी भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना ऐकवायला गेलो. मोबाइल मोठ्यानं लावला, वरून गायला लागलो. दुसऱ्या ओळीला त्यांनी मोबाइल बंद केला आणि हातानंच खूण केली, चालू ठेव. मी कडवं संपेपर्यंत गायलो, कुठंही अडलो नाही. त्यांनी पेटीवर माझा प दाबून धरला आणि म्हणाले, "हा तुझा सा झालाय बघ. तू तीच चाल वरच्या पट्टीत म्हणायलास की!"

खरंच होतं. खालची चाल बंद झाली तरी माझं काही बिघडलं नव्हतं, म्हणजे मी ती ऐकतच नव्हतो. त्याचा पुरावा नी वर सापडला. मूळ चाल नी वर आली की मी न चुकता तीव्र म (शुद्ध म पेक्षा अर्धस्वरानं चढा) लावत होतो, कारण प ला सा मानलं की तोच त्याचा नी. खाली सा-प चा झंकार चालू असताना तो तीव्र म किती परका वाटतो, ते तानपुरा लावून बघा. ठरवून शुद्ध म लावावा तर नी पासून तो सहाच अर्धस्वरांवर, खऱ्या पंचमाला अर्धा स्वर कमी, आणि दोघांचं भांडण. मग त्या एका जागेसाठी मी चालीच बदलून घ्यायला लागलो. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

तिसऱ्यात ही पळवाट नाही. अंतर पायऱ्यांनी सारखं असतं, पण अर्धस्वरांनी नसतं: सा-ग चार, रे-म तीन, ग-प तीन, म-ध चार. त्यामुळं ग ला सा मानून चालायला गेलात तर दुसऱ्याच सुराला ठेच लागते. खालची चाल ऐकावीच लागते. आणि हे आपल्याला अगदीच नवं नाही. साग, रेम, गप हा पलटा सगळ्यांनीच घोटलेला असतो. त्यातला पहिला सूर मनात ठेवायचा आणि दुसरा गळ्यातून काढायचा, एवढंच. आमच्या तालुक्याला गोवा लागून आहे, इथल्या चर्चच्या कॉयरमध्ये गाणारा माझा एक मित्र मला सुरुवातीपासून हेच सांगत होता.

तिसऱ्याचा त्रासही आहे. पहिला महिना मी दर दोन ओळींनी घसरून मूळ चालीवर येत होतो. त्यात पेटीचा गंधार चढा, नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटांनी. पेटीकडून ग शिकलात तर जोडीदाराच्या सा शी तो कधीच नीट विरघळत नाही. मी पेटी मिटून ठेवली आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा नैसर्गिक गंधार ऐकू येतो, त्याच्यावर आवाज टेकवायला लागलो. ते जमलं त्या दिवशी अंगावर काटा आला होता.

तरी सगळ्यांनाच तिसरा सोयीचा पडेल असं मी म्हणणार नाही. कान अजून कच्चा असेल तर आठवडाभर पंचम धरून सूर जुळल्याची जाणीव पक्की करून घ्यायला हरकत नाही. मात्र काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणाऱ्या पुरुषानं चालीचा वरचा सूर आधी बघावा: चाल तार सा ला गेली तर तिसऱ्याला तार ग पुरतो, पंचमाला तार प लागतो, आणि तिथं बहुतेकांचा गळा आवळतो. भूप रागातल्या चालींचा हिशेब वेगळाच. तिथं म आणि नी नाहीत, म्हणून मधला एक सूर सोडून वर गेलं तर सा-ग सोडून बाकी सगळीकडे पाच अर्धस्वर येतात, रे-प, ग-ध, प-सा, ध-रे. ऐकायला सुरेख लागतं, पण सुरुवातीला ते नको.

बिलावलमधली सहा सुरांच्या आतली चाल घ्या, शब्द बाजूला ठेवून सरगमच म्हणा. चाल सा वर संपते तेव्हा वरचा आवाज ग वर लोंबकळतो, ते कानाला अपुरं वाटतं. मी तिथं ग-रे-सा असा उतरून जोडीदाराला मिळतो.