पूरग्रस्तांसाठी कॉमिक्स विकताय? मग पैसे कुठे द्याल: मुख्यमंत्री निधीत की संस्थेला?

पूर आला की आमच्या कॉमिक्सवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणतोच, ‘घरातली डबल झालेली इंद्रजाल कॉमिक्स काढतो, येतील ते पैसे पूरग्रस्तांना.’ २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या वेळी हे झालं, २०२१ ला चिपळूण-महाडच्या वेळी झालं, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्यात गेलं तेव्हाही झालं. विकायला काही लागत नाही. इंद्रजालमधल्या वेताळाला गिऱ्हाईक कायम असतं आणि त्यातल्याच बहादूर या नायकाचे मराठी अंक शोधणारे तर भारी चिवट. एकाने मला फक्त एवढंच विचारलं होतं, ‘मुखपृष्ठावर वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे ना?’ शिक्का होता. गंजलेल्या पिनेचा तांबडा डागही मधल्या पानावर होता. त्याला दोन्ही हवे होते.

घोडं अडतं ते त्याच्या पुढे. जमलेले पैसे मुख्यमंत्री सहायता निधीत टाकायचे की प्रत्यक्ष काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यायचे? मी दोन्ही करून पाहिलंय. २०१९ ला संस्था, नंतर निधी.

संस्थेची बाजू आधी, कारण मनाला तीच पटते. पैसे कुठे गेले ते कळतं. चांगली संस्था नुसतं वाटप करत नाही. गूंज या संस्थेचंच बघा. कपडालत्ता आणि सामान द्यायचं, पण त्याबरोबर गावाने मिळून विहीर उपसायची, रस्ता दुरुस्त करायचा, अशी त्यांची रीत आहे. अशा कामाचे फोटो ग्रुपवर टाकले की अंक घेणाऱ्यालाही बरं वाटतं. निधीत हे सुख नाही. तिथे सगळं एका भांड्यात जातं, आणि एरवी त्यातला मोठा भाग गरीब रुग्णांच्या उपचारांना लागतो. तुम्ही ‘चिपळूणसाठी’ म्हणून विकलेल्या मँड्रेकच्या अंकाचे तीनशे रुपये नंदुरबारच्या कुणाच्या तरी ऑपरेशनला लागू शकतात. माझ्या मते यात वाईट काही नाही. फक्त जाहिरातीत ‘चिपळूणसाठी’ न लिहिता सरळ निधीचं नाव लिहावं.

करसवलतीचा मुद्दा लोक उगाच ताणतात. निधीला दिलेली रक्कम ८०जी खाली पूर्ण वजा होते, बहुतेक संस्थांना दिलेली निम्मी. पण दोन्ही जुन्या कररचनेतच. ग्रुपमधले निम्मे लोक आता नव्या रचनेत असतील, त्यांना या फरकाशी काही घेणंदेणं नाही.

आता माझं ज्याने ठरलं ते सांगतो: फोन.

विक्री करताना पैसे आपल्या खात्यात घ्यायचे नाहीत, हा माझा नियम. घेणाऱ्याने थेट तिकडे भरायचे, मला पावती पाठवायची, मग मी अंक पोस्टात टाकणार. हिशेबाची कटकट नाही आणि मागून कुणी कुजबुजायलाही जागा नाही. पण संस्थेची पावती हवी तर नाव, पॅन, मोबाइल द्यावा लागतो. आम्ही निवडलेली संस्था मोठी होती, कामही चांगलं होतं, म्हणून नाव घेत नाही. पैसे गेल्यावर पंधरवड्यात आमच्या लोकांना फोन सुरू झाले. ‘सर, या महिन्यात एका मुलाच्या शिक्षणासाठी...’ दुपारी जेवताना, मीटिंगमध्ये, रविवारी सकाळी. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. अडीचशे रुपयांचा बहादूर घेतलेल्या आमच्या एका काकांनी मला ग्रुपवर सगळ्यांसमोर सुनावलं, ‘अरे, तुझ्या बहादूरपायी मला दर आठवड्याला फोन येतोय!’ पुढच्या विक्रीला ते आले नाहीत, आणि ते तर माझं खात्रीचं गिऱ्हाईक.

निधीत ऑनलाइन भरलं की पावती तिथल्या तिथे उतरवून घेता येते. संध्याकाळपर्यंत माझं पाकीट बांधून तयार. आणि त्यानंतर माझ्या माहितीतल्या एकालाही कधी फोन आलेला नाही.

छोटी स्थानिक संस्था असेल तर फोनचा त्रास नसतो, हे कबूल. पण तिथली चार माणसं त्या आठवड्यात घराघरातला चिखल काढत असतात. त्यांच्याकडे ‘दादा, माझ्या दीडशे रुपयांची पावती’ म्हणून तगादा लावायला मला तरी जीभ रेटत नाही. तुमचे घेणारे पाचसहाच असतील, सगळे ओळखीचे असतील आणि पावतीवाचून कुणाचं अडत नसेल, तर खुशाल अशा संस्थेला द्या. मीही देईन.

संस्थेचंच ठरवलंत तर तिचं नाव छापण्याआधी तिला विचारा. मार्व्हलने १९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘हीरोज फॉर होप’ हा एक्स-मेनचा अंक काढला. पैसे ऑक्सफॅम अमेरिका या मदतसंस्थेला द्यायचं ठरलं होतं. अंकातला मजकूर पाहून त्यांनीच अंग काढून घेतलं, आणि पैसे शेवटी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीला गेले. तेव्हा ‘पैसे देतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल’ असं धरून चालू नका. शिवाय धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ८०जी आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब एवढं तरी बघून घ्या.

अमेरिकेतले मराठी संग्राहक बोली लावणार असतील तर आणखी एक गाठ आहे. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. छोट्या संस्थांकडे ती बहुधा नसते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीला मात्र २०२५ मध्ये परवानगी मिळाली. न्यू जर्सीचा भाचा आता बिनधास्त वेताळावर बोली लावू शकतो. अंक तिकडे पाठवायचा खर्च मात्र त्याच्याकडून वेगळा मागून घ्या, तो देणगीत धरू नका.