एनओकॅस: विमानतळाजवळच्या बांधकामाला उंचीची एनओसी देणारी सेवा कशी आहे?

विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यातली सोसायटी पुनर्विकासाला निघाली की पहिला प्रश्न उंचीचा येतो. त्यासाठीची ना हरकत भारतीय विमानतळ प्राधिकरण 'एनओकॅस' या पोर्टलवरून देतं. सेवा चांगली आहे, आणि तिच्यातला सर्वात उपयोगी भाग म्हणजे रंगीत झोनिंग नकाशा. बिल्डरशी बोलणी सुरू करण्याआधीच सोसायटीने तो उघडून बघावा.

नकाशात विमानतळाभोवतीचा भाग चौकटींमध्ये विभागलेला असतो. लाल चौकटीत प्राधिकरणाची एनओसी घ्यावीच लागते. बाकीच्या रंगांत दिलेल्या उंचीपर्यंत पालिका स्वतः परवानगी देऊ शकते. प्लॉट दोन चौकटींवर पसरला असेल तर कमी उंची धरून चाला.

या उंचीमागचं गणित कळलं की निम्मे वाद मिटतात. मोठ्या विमानतळाभोवती 4 किलोमीटर त्रिज्येत विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटरवर एक सपाट मर्यादा असते. मुंबईत ती समुद्रसपाटीपासून साधारण 57 मीटरवर येते. फनेल झोनचा, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्याचा, हिशेब याहून कडक असतो. धावपट्टीच्या टोकापुढे 60 मीटरवर सुरू होणारी तिरकी मर्यादा पहिले 3,000 मीटर फक्त 2 टक्क्यांनी चढते, म्हणजे तिथून एक किलोमीटर पुढे गेलात तरी जेमतेम 20 मीटर. म्हणूनच एकाच वॉर्डातल्या दोन सोसायट्यांना मिळणाऱ्या उंचीत एवढी तफावत पडते. त्यात मुंबईत जुहूचा विमानतळही धरावा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

अर्जात प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिट, सेकंदात भरायचे असतात. मोबाइलच्या नकाशात ते दशांशात दिसतात आणि गडबड तिथेच होते. 19.0845 म्हणजे 19 अंश 5 मिनिटं 4.2 सेकंद. तेच कोणी 19 अंश 8 मिनिटं 45 सेकंद असं भरलं तर जागा जवळपास पावणेसात किलोमीटर उत्तरेला सरकते आणि सांताक्रूझचा प्लॉट जोगेश्वरीच्या पुढे जाऊन बसतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक कोपरा नकाशावर तपासा.

खरी जोखीम जमिनीच्या पातळीत आहे. ती सरासरी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये हवी असते. जीपीएस यंत्राची मूळ उंची पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि मुंबईत तिच्यात व समुद्रसपाटीच्या उंचीत 60 मीटरहून जास्त फरक पडतो. दुरुस्ती न करता तो आकडा उचलला तर अर्ज निरर्थक ठरतो. दुसरा घोळ टाउन हॉल डेटमचा (डेटम म्हणजे पातळी जिथून मोजायची ते शून्य). मुंबईतल्या जुन्या नकाशांवरच्या पातळ्या त्यात असतात आणि त्याचं शून्य समुद्रसपाटीच्या 20 मीटरहून जास्त खाली आहे. नकाशावर 29 मीटर लिहिलेली जमीन प्रत्यक्षात पाचेक मीटरवरच असते. 57 मधून 29 वजा केले तर इमारतीला 28 मीटर उरतात, 5 वजा केले तर 52. सात-आठ मजले केवळ कागदावर बुडतात! सर्वेअरकडून सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून, म्हणजे पातळी ठरवून दिलेल्या खुणेपासून, लेव्हल काढून घ्या आणि दाखल्यावर कोणता डेटम वापरला ते लिहून मागा. उलट दिशेची चूक तर त्याहून महागात पडते. जमीन आहे त्यापेक्षा खाली दाखवली तर इमारत मंजूर माथ्याच्या वर जाते, आणि माहिती चुकीची निघाल्यास एनओसी रद्द होते. मुंबई विमानतळाजवळच्या 48 इमारतींचे उंचीच्या मर्यादेबाहेर गेलेले भाग पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला होता, हे विसरू नका.

एनओसीवर छापलेला आकडा म्हणजे इमारतीची उंची नव्हे. तो समुद्रसपाटीपासूनचा कमाल माथा असतो आणि त्यात पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, जिन्यावरची खोली, अँटेना, वीजरोधक सगळं आलं. जमिनीची पातळी वजा करून 48 मीटर हातात आले तर टाकी आणि मशीन रूमचे सहाएक मीटर आधीच वगळा, मग मजले मोजा. टॉवर क्रेनसाठीही हाच माथा पाळावा लागतो. ठेकेदाराशी करार करतानाच ही अट त्यात घाला.

उंची कमी मिळाली म्हणून एरोनॉटिकल स्टडी (जास्त उंचीने विमानांना अडथळा होतो का याचा अभ्यास) करून वाढवून देतो, असं सल्लागार सांगतात. सपाट मर्यादेखालच्या प्लॉटला तो मार्ग खुला आहे. फनेलच्या तिरक्या मर्यादेखाली किंवा धावपट्टीच्या बाजूंनी वर चढणाऱ्या मर्यादेखाली तो लागूच होत नाही, तेव्हा तिथे या कामाचे पैसे देऊ नका.

पुण्यात लोहगाव हवाई दलाकडे आणि गोव्यात दाबोळी नौदलाकडे आहे, त्यामुळे तिथली एनओसी संरक्षण खात्याकडून घ्यावी लागते. मोपा नागरी विमानतळ असल्याने तिथे एनओकॅस चालतं.

इमारतीची एनओसी 8 वर्षं चालते. मुदतवाढ एकदाच मिळते, तीही काम सुरू झालेलं असेल, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल आणि अर्ज मुदतीच्या आत केला असेल तरच. पुनर्विकासाचे वाद कोर्टात गेले की आठ वर्षं बघता बघता सरतात, म्हणून ही तारीख सोसायटीच्या चिटणीसाकडे लिहून ठेवलेली असावी.