कृत्रिम डोळा : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव आणि हिशेब

माझी मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत शिकते. ती दीड वर्षाची असताना फ्लॅश लावून काढलेल्या एका फोटोत तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली आणि तपासणीत रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, निघाला. डोळा काढावा लागला, मुलगी वाचली. त्या उपचारांबद्दल मी येथे लिहिणार नाही. गेल्या जूनपासून ती वापरत असलेला, मापाने घडवलेला डोळा कसा आहे आणि परभणी जिल्ह्यातल्या माझ्यासारख्या अंगणवाडी सेविकेने त्याचे पैसे कसे उभे केले, एवढेच सांगायचे आहे.

याआधी ती तयार मिळणारा, २,००० रुपयांचा डोळा वापरत होती. तयार ब्लाउज जसा कुठे सैल तर कुठे काचणारा असतो, तसाच तो खोबणीत बसत असे. मागे राहिलेल्या पोकळीत पाणी साचायचे, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असायच्या, आणि वाढत्या वयात खोबण बदलत गेली तशी खालची पापणीही ओघळू लागली. थेंबांच्या बाटल्या, दवाखान्याच्या खेपा आणि बुडालेले दिवस मी वहीत मांडले, तेव्हा दोन वर्षांत नव्या डोळ्याच्या निम्मी रक्कम त्यातच गेल्याचे दिसले. तो स्वस्त होता असे मी आता म्हणणार नाही.

नवा डोळा हैदराबादला केला. आपल्याकडे सगळे त्याला काचेचा डोळा म्हणतात, परंतु तो ॲक्रिलिकचा, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचा असतो. दाताच्या कवळीसाठी घेतात तसल्याच पदार्थाने खोबणीचे माप घेतले, त्यावरून मेणाचा नमुना केला आणि मग तिच्या उजव्या डोळ्याकडे पाहत पाहत बुबुळ हाताने रंगवले. पांढऱ्या भागावर शिरांसाठी लाल रेशमाचे बारीक तंतू लावतात, हे मी प्रथमच पाहिले. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात नेल्यावर तांबूस वाटला. वरचा पारदर्शक थर चढण्याआधीच आम्ही ते सांगितले, म्हणून तो दुरुस्त झाला. रंग उन्हात पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

खर्च १८,००० रुपये आला. सरकारी मदतीसाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढले होते. परंतु दुसरा डोळा चांगला असल्यास एका डोळ्याचे अंधत्व ३० टक्के धरले जाते, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील बहुतेक सवलती आणि दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना ४० टक्क्यांपासून पुढे लागू होते. एका कार्यालयाने हे तिसऱ्या खेपेला सांगितले. पहिल्याच खेपेला सांगितले असते तर माझी दोन दिवसांची रजा वाचली असती. शेवटी बचत गटातून १०,००० रुपये कर्ज घेतले, ६,००० मुलीच्या मामाने सोयाबीनच्या पट्टीतून दिले आणि २,००० रुपये अंगणवाडी सेविकांना दिवाळीला मिळणाऱ्या भाऊबीज भेटीचे जपून ठेवलेले होते.

वापराबद्दल सांगायचे तर चिपडे जवळजवळ थांबली आहेत आणि समोरून पाहणाऱ्याला फरक लवकर कळत नाही. डोळा हलतो, पण पुरता नाही. तिरपे पाहताना तो मागे राहतो, म्हणून मुलगी आता मानच वळवते. जानेवारीत तुरीची रास चालू असताना धुळीने त्रास झाला. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास त्यावर पांढरट थर बसतो, म्हणून उकळून गार केलेले पाणी आणि सौम्य साबण वापरतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये, त्याने ॲक्रिलिक खराब होते. रोज काढण्याची गरज नसते, तो लावूनच झोपता येते. डोळा पुसताना मात्र नाकाच्या दिशेने पुसावे, उलट पुसल्यास तो निसटू शकतो. आमच्याकडून एकदा तो शहाबादी फरशीवर पडून चरा उमटला. तेव्हापासून मोरीत धुणे बंद केले असून परातीत टॉवेल अंथरून मगच तो काढतो.

हिशेबात आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. एक, उरलेल्या डोळ्याच्या रक्षणासाठी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या काचांचा चष्मा. तो १,४०० रुपयांना पडला, आणि पैसे अपुरे असतील तर मी आधी चष्माच घ्या असे सांगेन. दुसरी, वर्षातून निदान एकदा पॉलिश. ते आम्ही कर्करोगाच्या वार्षिक तपासणीच्या दिवसांतच करतो, कारण त्या प्रवासाला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर रुग्णाचे रेल्वेच्या स्लीपर डब्याचे भाडे माफ होते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

असा डोळा साधारण पाच वर्षे चालतो, म्हणजे ६० महिन्यांना भागल्यास महिना ३०० रुपये पडतात. वाढत्या वयात तो आधीही बदलावा लागू शकतो. गटाचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात फिटेल. पोस्टाचे आवर्ती ठेव खातेही पाच वर्षांचेच असते. भाव वाढतील हे धरून मी त्यात महिना ४०० रुपये भरणार आहे आणि खाते मुलीच्या हातानेच उघडायचे ठरवले आहे.