डॉट-ईएनव्ही फाइल की पॅरामीटर स्टोअर?

कॉलेज रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून द्राक्ष बागायतदारांचं ॲप चालतं. पासवर्ड, एपीआय की (बाहेरच्या सेवा वापरायच्या किल्ल्या), सगळं आधी डॉट-ईएनव्ही नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असायचं. नवा पोरगा आला की फाइल कॉपी करून द्यायची, पाच मिनिटांत ॲप सुरू. लॅपटॉपवर अजूनही मी हेच वापरतो. नेट गेलं तरी काम अडत नाही.

घोळ होतो सर्व्हरवर. एकदा मीच गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, नाव टाकायला विसरलो नि फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साठ्यात गेली. डिलीट केली, पण जुन्या कमिटमध्ये (इतिहासातल्या नोंदीत) पासवर्ड तसाच! ऐन हंगामात, फेब्रुवारीत, सगळ्या की बदलत बसलो. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) ही फाइल वाचणाऱ्या डॉटएन्व्ह लायब्ररीची आणखी एक खोड: त्याच नावाचं व्हेरिएबल (सेटिंग) सिस्टिमवर आधीच असेल, तर फाइलमधलं चालत नाही. फाइलमध्ये डेटाबेसचा पोर्ट ५४३२ चा ५४३३ केला, तरी ॲप जुन्याच दारावर थाप मारत होतं. चहा गार झाला तेव्हा कुठे कळलं.

एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये हेच पासवर्ड नि की ठेवल्या, तर कोणी काय वाचायचं ते ठरवता येतं, जुन्या आवृत्त्याही राहतात. स्टँडर्ड पॅरामीटर (साध्या प्रकारची नोंद) साठवायला पैसे लागत नाहीत, मर्यादा प्रत्येकी ४ केबी. परवानग्यांची मांडणी मात्र किचकट. आमचा पहिला अख्खा दिवस त्यातच गेला.